पांढऱ्या फडक्यातलं तांदूळ

"कोण मेलंय काय रं?"

मालकानं पार्सल डोक्याच्या वर धरलं आणि अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं इचारलं. गादीवर एका लग्नाचा बस्ता चाललेला. दहा-बारा बायका, त्यांच्या पोरी, आणि कंटाळून भिंतीला टेकलेलं दोन पावणं. सगळ्यांनी माना वळवल्या. आधी पार्सलाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

मी सांताक्लॉज. भाड्याचा लाल डगला, पोटाला उशी बांधलेली, आणि कापसाची दाढी हनुवटीखाली ओढलेली, कारण तोंडात वडापाव हुता.

"पन्नासच्या पन्नास पांढऱ्या कागदात?" मालक म्हणाला. "माणसं लग्नाचा बस्ता बांधायला येत्यात आणि हे बेनं दारात कफनं गुंडाळून बसलंय."

बायका हसल्या. त्यातल्या एका म्हातारीनं हातातलं पार्सल हळूच खाली ठेवलं आणि हात पदराला पुसला.

"नगं बाई," ती म्हणाली. "शुभकार्याला पांढरं नगं."

आत स्टीलचा डबा हुता. चांगला, झाकणाचा. म्हातारीनं न्हेला न्हाय.

राजारामपुरीत आमच्या मालकाचं कापडाचं दुकान हाय. मी तिथं साड्या दाखवायला. म्हंजे पगार साड्यांचा, खरा उपयोग माईकवर. मी आवाज काढतो. पुढाऱ्याचा, कंडक्टरचा, बस्त्याला आलेल्या सासूचा. "आमच्यात असलं चालत न्हाय, भारीतलं दाखवा," असं सासूच्या आवाजात म्हटलं की खरी सासूबी हसती आणि भारीतलं घेती. मालक म्हणायचा, हे पोरगं म्हंजे नाद खुळा.

तर गेल्या नाताळला दुकानात ऑफर. बस्त्याच्या गिऱ्हाइकाला सांताक्लॉजच्या हातनं भेट. मालक म्हणाला, "तू ख्रिश्चन हायस न्हवं? मग तुमच्यात कसं असतंय तसं तूच बांध."

मी आमच्यात असतंय तसं बांधलं. हीच चूक.

आमच्यात नाताळच्या आधीच्या रविवारी चर्चमधी फुडं एक टेबल मांडत्यात. ज्याला जमंल ते त्यानं आणायचं. साखर, साबणाच्या वड्या, टॉवेल, लहान पोराचं स्वेटर. सगळं पांढऱ्या कागदात गुंडाळायचं आणि त्याच्यावर नाव घालायचं न्हाय. डॉक्टरीणबाईंचं कुठलं आणि झाडूवाल्या काकांचं कुठलं, टेबलावर गेल्यावर देवालाबी कळत नसंल. नाताळ म्हंजे येशूचा वाढदिवस, मग भेट येशूला. आणि येशूला म्हंजे ज्याच्या घरात काय न्हाय त्याला, कारण तो स्वतःच गोठ्यात जन्मला, अंगाखाली गवत. पाळकसाहेब ती पार्सलं न्हेऊन घरोघरी देत्यात. देणाऱ्याला घेणारा ठाव न्हाय आणि घेणाऱ्याला देणारा ठाव न्हाय. आभार मानायला माणूसच सापडत न्हाय.

चमकीचा कागद आमच्यात बी असतो, पण पोराबाळांच्या वाढदिवसाला. नाताळला पांढरा. पन्नास डबं बांधताना माझ्या डोस्क्यात दुसरा रंग आलाच न्हाय. पांढरं बघितल्यावर मला नाताळ आठवतो, आणि समोरच्या बाईला तिरडी आठवती, हे माझ्या ध्यानातच न्हवतं.

हे सांगायला दोन मिनिटं लागली असती. माईक माझ्या हातात हुता. मी काय बोललो न्हाय. वडापाव गिळत हुतो.

मालकाचा तोवर मूड लागलेला. तो माझ्या पोटावरच्या उशीवर थापट्या मारत बायकांना म्हणाला, "ह्येंचं चुकत न्हाय हो. द्यायची सवयच न्हाय बिचाऱ्यांना. ह्येंच्यात घ्यायची रीत." मग माझ्याकडं वळला. "काय रं, तुझ्या आज्यानं किती पोती तांदूळ घेऊन देव बदलला?"

तो रागानं न्हाय म्हणाला. हे ध्यानात घ्या. लाडानं म्हणाला. घरच्या कुत्र्याला पाय लावून सरकवत्यात, तसं.

सगळी हसली. आणि मग सगळी माझ्याकडं बघायला लागली. आता हा काय म्हणतोय.

आता माझं खरं पाप.

मी शाळंत असल्यापास्नं जोकर. पेठ वडगावच्या शाळंत वर्गात मी एकटाच ख्रिश्चन. गुरुजी इचारायचं, "काय रं, तुमी घरी इंग्लिश बोलता का?" पोरं इचारायची, "तुमी रोज दारू पिता का?" मी उठून पिक्चरमधल्या पाद्र्यासारखं हात वर करून "ओ माय सन!" करायचो. वर्ग लोळायचा. हसणारं पोरगं मारत न्हाय, हे मी तिसरीत शिकलो. त्याच्यावर आजपातूर जगलो.

मी दाढी वर ओढली. माईक तोंडाजवळ घेतला. आणि माझ्याकडचा सगळ्यात चांगला आवाज काढला.

आप्पांचा.

आप्पा माझं आजोबा. मी आठवीत असताना वारलं. पण त्यांचा आवाज माझ्या गळ्यात हाय तसा हाय. आधी खोकला, दोन बारकं आणि एक लांबडा. मग घोगऱ्या आवाजात, "पोरा, हिकडं ये. बस." मग मोठा श्वास. मी पाच वर्सांचा असताना त्यांच्याच फुड्यात बसून त्यांचीच नक्कल करायचो, आणि ते हसून हसून इतकं खोकायचं की खरा खोकला कुठला आणि नक्कल कुठली, आईला कळायचं न्हाय. माझं पहिलं गिऱ्हाईक ते.

त्या दिशी मी खोकलो. दोन बारकं, एक लांबडा. "पोरा, हिकडं ये. बस." मग श्वास घेतला आणि म्हणालो, "आधी पोती किती ते बोला, देवाचं मागनं बघू. एका पोत्याला मी बाटतो. दुसऱ्या पोत्याला बायकोला बाटवतो. आणि तिसरं दिलासा, तर ही शेळीबी उभी हाय, तिच्या डोस्क्यावर बी पाणी घाला!"

दुकान फुटलं. बायका एकमेकींच्या अंगावर पडल्या. पांढऱ्याला हात न लावणारी ती म्हातारी डोळं पुसत हुती. मी शेळीचा आवाज काढला. बाप्तिस्मा झालेली शेळी कशी आमेन म्हणंल, ते करून दाखवलं. मालकानं सगळं मोबाईलवर घेतलं.

मग आत जाऊन मी पन्नास डब्यांचं पांढरं कागद फाडलं आणि लाल चमकीचं लावलं.

वडगावला जाणाऱ्या एसटीत बसलो तोवर व्हिडिओ सगळीकडं गेलता. मोबाईल नुसता थरथरत हुता. शाळंतली पोरं, दुकानातली पोरं, कोण कुठली माणसं. "विषय हार्ड भावा." "शेळी लईच भारी." मला बरं वाटत हुतं. खोटं कशाला बोलू? खिडकीत बसून मी एकटाच हसत हुतो.

आता आप्पांचं खरं काय ते सांगतो. कारण मला ते ठाव हुतं. ठाव नसतं तर गोष्ट वेगळी.

आप्पा शाहूवाडीकडच्या एका खेड्यातलं. आमची घरं महारवाड्यात. आप्पा दुसऱ्याच्या रानात भाताची लावण करायचं, कापणी करायचं, झोडपणी करायचं. अख्ख्या गावाचं तांदूळ त्यांच्या हातनं जायचं, पण एकदा पोत्यात गेलं की त्याला हात लावायचा न्हाय. मजुरीचं धान्य वरनं पदरात टाकायचं. पाणी वरनं ओंजळीत. दुकानात गेलं तर पैसा उंबऱ्यावर ठेवायचा, मग दुकानदार पाणी शिंपडून उचलणार. आप्पा म्हणायचं, "मला दिलं सगळ्यांनी. कमीजास्त दिलं, पण दिलं. माझ्या हातनं मातुर कुणी काय घेतलं न्हाय."

शेजारच्या गावात एक उपदेशक आला. कोण गोरा साहेब न्हवे. आपल्यातलाच, दोर वळणाऱ्याचा पोरगा. कुडाच्या एका खोलीत भजनं म्हणायचा. एका नाताळला आप्पा भजन ऐकायला म्हणून गेलं आणि बाहेरच उभं राहिलं. आत माणसं पांढऱ्या फडक्यात काय-काय बांधून आणत हुती आणि एका फळीवर ठेवत हुती.

दुसऱ्या नाताळला आप्पांनी मजुरीतलं एक मापटं तांदूळ घेतलं. पटक्याचा तुकडा धुऊन त्यात बांधलं. चालत गेलं. दारात पोचल्यावर सवयीनं गाठोडं उंबऱ्यावर ठेवायला वाकलं.

उपदेशक म्हणाला, "खाली ठेवू नका. हातात द्या."

आणि त्यानं दोन्ही हात फुडं केलं.

आप्पांनी दिलं. त्याची बोटं ह्येंच्या बोटांना लागली. त्यानं गाठोडं फळीवर न्हेऊन ठेवलं, बाकीच्यांच्या शेजारी. दुपारी सगळं तांदूळ एका हंड्यात शिजवलं आणि सगळी एका पंगतीला बसली. आप्पा सांगायचं, "मी भातात बोट घालून बघत हुतो, ह्यातलं माझं कुठलं. कळंना. तवा मला रडू आलं."

बास. एवढीच गोष्ट. दोन वर्सांनी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घेतल्यावर काय मिळालं? गावानं एक हंगामभर कामाला बोलावलं न्हाय. फुडं आमचा दाखला गेला. ख्रिश्चनाला शेड्यूल्ड कास्टची सवलत न्हाय. पप्पांचा चुलतभाऊ हिंदूच राहिला, त्याला सवलत मिळाली, क्लार्क झाला. पप्पा पतसंस्थेत शिपाई लागलं आणि शिपाई म्हणूनच रिटायर झालं. आमी पोती घेतली न्हाईत. जे हुतं तेबी गेलं.

पप्पा ही गोष्ट दर नाताळला सकाळची उपासना झाल्यावर सांगत्यात, करंज्या खाता-खाता. मला पाठ हुती. आप्पांच्याच आवाजात पाठ हुती. त्याच आवाजात मी ती गोष्ट उलटी केली. आप्पांनी दिलेलं मापटं घेतलं आणि त्याची घेतलेली तीन पोती केली.

नाताळला सकाळी उपासनेला गेलो. गाणी झाली, प्रवचन झालं. कुणी मला काय बोललं न्हाय. नुसतं हात मिळवलं. "नाताळच्या शुभेच्छा." "तुमालाबी." घरी आल्यावर आईनं करंज्या फुडं ठेवल्या. पप्पांनी दोन खाल्ल्या.

त्या नाताळला पप्पांनी गोष्ट सांगितली न्हाय.

मला वाटलं, इसरलं असतील.

पप्पांचं एक ठरल्यालं. रिटायर झाल्यापास्नं रोज सकाळी स्टँडजवळच्या गाड्यावर चहा. बाकड्यावर तीच चार माणसं, तोच पेपर, तीच भांडणं. नव्या वर्साच्या पहिल्या आठवड्यात मी त्यांच्या मागनंच एसटीला निघालतो. पप्पा गाड्याजवळ पोचलं, तेवढ्यात बाकड्यावरचा एकजण वराडला.

"या पावणं! शेळी कुठाय? का तिचं पोतं अजून यायचंय?"

बाकडं हसलं. मला वाटलं, पप्पा आता काय तरी बोलणार.

पप्पा हसलं.

बारकं, मान खाली घालून, खांदं हलवत. ते हसू मी वळखलं. माझं हुतं. शाळंत हात वर करून "ओ माय सन" म्हणताना मी जसं हसायचो, अगदी तसं. मला आतापातूर वाटत हुतं ते मी शोधून काढलंय.

त्यांनी चहा घेतला, अर्धा पिला, गेलं. दुसऱ्या दिशीपास्नं गाड्यावर जायचं बंद. आईला म्हणालं, "भाईरचा चहा पित्त करतोय." घरातबी कपभर चहा घेऊन ते सकाळी दाराकडं तोंड करून बसायचं. दारात कोण येणार हाय असं.

मग एक सोमवार. सोमवारी दुकान बंद असतंय. दुपारी मी बाहेरनं आलो तर घरात आप्पा खोकलं.

दोन बारकं, एक लांबडा. "पोरा, हिकडं ये. बस." मग मोठा श्वास. आणि बंद.

परत खोकला. "पोरा, हिकडं ये. बस." श्वास. बंद.

पप्पा कॉटवर उताणं झोपलेलं. मोबाईल छातीवर, पडदा खाली करून. डोळं मिटलेलं. अंगठा बाजूला तयार. माझा व्हिडिओ लावत हुतं. श्वास झाला की बंद करत हुतं. त्याच्या फुडं पोती येत्यात.

मी दारातच उभा. त्यांना कळलं, कारण डोळं न उघडता म्हणालं, "आप्पांचा फोटो हाय आपल्याकडं. आवाज कुठंच भरून ठेवला न्हवता."

मी चपला काढल्या.

"एवढंच ऐकतो. फुडचं न्हाय ऐकत."

त्यांनी अंगठा बाजूला घेतला.

"खोकला अगदी तसाच काढलास."

आयला, त्या माणसानं मला कानाखाली वाजवली असती तर मी बरा झालो असतो. शिव्या दिल्या असत्या तर मी शिव्यांची बी नक्कल केली असती. त्यांनी माझं कौतुक केलं. मी न्हाणीत जाऊन बादलीचा नळ सोडला आणि तोंडावर हात दाबून उभा राहिलो.

आता तुमाला वाटंल, ह्यानं दुसऱ्याच दिशी नोकरी सोडली. न्हाय. मंगळवारी मी दुकानात हुतो. वर्सभर हुतो. आणि अजून एक सांगतो, हे मी घरात कुणाला सांगितलेलं न्हाय. त्यानंतर बी एकदा मी ते केलं. मालकाचं साडू पुण्याहून आलतं. मालक म्हणाला, "आज्याचं कर की, ह्येंनी नुसतं मोबाईलवर बघितलंय." मी केलं. शेळी गाळली. मनाला सांगितलं, शेळी गाळली म्हंजे निम्मं पाप कमी. एवढा मी शाणा.

ह्या वर्सी मालकानं मोठा कार्यक्रम धरला. चोवीस तारखेला संध्याकाळी, नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठी, हॉल घेऊन. खुर्च्या, स्टेज, झाड, लाइटी. लाल कागद त्यानं स्वतःच आणलता. "ह्या वर्सी तुझ्यावर इश्वास न्हाय," म्हणून हसला. मी बी हसलो.

सात वाजता मला स्टेजवर बोलावलं. डगला, उशी, दाढी. टाळ्या. मी कंडक्टर केला, सासू केली, लग्नातला भटजी केला. माणसं खुश. मग मालक स्वतः माईक घेऊन वर आला. मागनं दोन पोरं एक पोतं उचलून घेऊन आली. पंचवीस किलोचं. आजऱ्याच्या घनसाळ तांदळाचं. वास पार खुर्च्यांपातूर गेला असंल. पोत्याला लाल रिबीन बांधल्याली, वर मोठं फूल.

"मंडळी," मालक म्हणाला, "आपल्या सांताक्लॉजला आजपातूर कुणी भेट दिली न्हाय. आज आपण देऊया. आज्याचं पोतं, नातवाला!"

हॉल उठून टाळ्या वाजवायला लागला. मालकाच्या तोंडावर खरा आनंद हुता. मला पटतंय, त्याला ते देणं वाटत हुतं. त्यानं चांगला महागातला तांदूळ आणलता.

"पण असं न्हाय," तो म्हणाला. "आधी आज्याचं करायचं. शेळीसकट. मग पोतं उचलायचं."

मोबाईल वर झालं. पन्नास-साठ तर असतील.

माझ्या गळ्यात खोकला आलताच. मी बोलवला न्हवता. गळ्याला सवय. माईक तोंडाजवळ आला की तो आपला आपण येतोय. पहिला बारका खोकला तर निसटला बी. फुडल्या रांगेतल्या बायका हसल्या. दुसरा मी गिळला. घशात काटा अडकावा तसा गिळला, डोळ्यांतनं पाणी आलं.

मग मी बोललो. कुणाचाच आवाज न काढता.

"आप्पांनी तांदूळ घेतलं न्हवतं. दिलतं."

हॉल हसला. त्यांना वाटलं सुरवात हाय. मागनं कोण तरी ओरडलं, "हा कुणाचा आवाज रं?"

"माझा," मी म्हणालो.

त्याच्यावर तर लईच हसली.

खरं सांगू का, मला बी तो वळखू आला न्हाय. बारीक, नाकातला, थरथरणारा. चोवीस वर्सं मी दुसऱ्यांचंच आवाज काढलं, माझ्याकडं माझा म्हणून एवढाच शिल्लक हुता. मी दाढी काढली. परत म्हणालो.

"माझ्या आज्यानं तांदूळ घेतलं न्हवतं. त्यांनी मापटंभर तांदूळ दिलतं. मजुरीतलं. त्यांच्या हातनं कोण काय घेत न्हवतं, आणि त्या दिशी एकानं घेतलं, म्हणून ते ख्रिश्चन झालं. गेल्या वर्सी मी तुमाला सांगितलं ते खोटं हुतं. हसवायला सांगितलं."

आता कोण हसलं न्हाय. मोबाईल हळूहळू खाली आलं. एक लहान पोरगी आईला इचारत हुती, सांताला काय झालं.

मालकानं माईकवर हात ठेवला. "आरं, गंमत हाय की."

"गंमत मीच सुरू केलती, मालक. मीच बंद करतोय."

"कार्यक्रमाचा चुथडा करू नको. पोतं उचल आणि खाली उतर."

"पोतं मी न्हेत न्हाय."

"मी तुला पोरासारखं वागवलं," तो म्हणाला. त्याचं तोंड पडलं हुतं. त्याला खरंच लागलं हुतं. "एवढं भारीतलं आणलं तुझ्यासाठी. तुमच्या लोकांना..."

तिथं थांबला. मी बी थांबलो. तो फुडं काय म्हणतोय ते ऐकायला मी उभा राहिलो. तो काय बोलला न्हाय. मग म्हणाला, "उद्यापास्नं येऊ नको."

मी डगला काढला, उशी काढली, घडी करून स्टेजच्या कडंला ठेवली. खुर्च्यांच्या मधनं बाहेर आलो.

एसटीत मला वाटलं, आता छाती फुगंल. फुगली न्हाय. नोकरी गेल्याचं बी काय वाटत न्हवतं. सारखं एकच डोस्क्यात. मालकाला न्हाय म्हणायला मला एक वरीस लागलं. आप्पांची चेष्टा करायला एक वडापाव गिळंपातूर बी वेळ लागला न्हवता.

घरी पप्पा जागेच हुते, आई करंज्या तळत हुती. मी सांगितलं. पोत्याचं सांगितलं, हॉलचं सांगितलं, आणि पुण्याच्या साडूंच्या फुडं केलेलं बी सांगितलं. ते ऐकताना पप्पांनी माझ्याकडं बघितलं. पहिल्यांदा रागानं बघितलं. मला बरं वाटलं.

"न्हाय म्हणालास ते चांगलं केलंस," ते म्हणालं.

मग उठून दाराला कडी लावली.

"पण ते फिरतंयच की रं. परवा गाड्यावर परत लावलतं. मी कोपऱ्यावरनं ऐकलं आणि माघारी फिरलो."

"तुमी जाता तिकडं?"

"रोज जातो. कोपऱ्यापातूर."

मला हे ठाव न्हवतं. वर्सभर तो माणूस रोज सकाळी कोपऱ्यापातूर जाऊन माघारी येत हुता.

"पप्पा, मला माफ करा," मी म्हणालो.

"ते माझ्याकडं मागू नको," ते म्हणालं. "ज्येंना हसवलंस त्येंना जाऊन सांग." आणि आत गेलं.

माफ केलं न्हाय. बरोबर हाय. माफी म्हंजे काय सांताक्लॉजच्या हातातलं पार्सल न्हाय, की नंबर लागला आणि मिळालं. पांढऱ्या कागदातलं पार्सल बांधताना मी लहानपणी पप्पांना इचारायचो, नाव घातलं न्हाय तर त्येंना कळणार कसं आपण दिलं? पप्पा म्हणायचं, कळू नये म्हणूनच. चांगलं करताना नाव झाकायचं. ते मी शिकलो. पण वाईट केलंय, त्याच्यावर नाव घालायला लागतंय. ते कुणी शिकवलं न्हवतं. ते माझं मला शिकायचंय.

आज नाताळ. उपासनेला अजून तासभर हाय. मी स्टँडजवळच्या गाड्यावर आलोय. बाकड्यावर पप्पांची जागा मोकळी असती, भिंतीकडची. तिथं बसलो. चौघं आलं. मला बघून एकजण खुश झाला. "आरं वा, आज कलाकार! आज्याचं होऊ दे एकदा!"

मी मोबाईल काढला. व्हिडिओ लावला. शेळीपातूर सगळा वाजू दिला. ती हसली. संपल्यावर मी म्हणालो, "हा मी. आणि ह्यातला खोकला सोडून सगळं खोटं हाय. खरं सांगतो, ऐका."

"आरं, मग त्यात मजा काय?" तो म्हणाला.

"मजा न्हाय. ऐका."

मी सांगितलं. माझ्याच नाकातल्या आवाजात. उंबरा, पटक्याचा तुकडा, दोन हात. मधीच एकजण उठून गेला. एकानं पेपर तोंडासमोर धरला. दोघांनी शेवटपातूर ऐकलं. चहावाला म्हणाला, "चहा गार झाला तुझा."

उद्या मी परत येणार हाय. परवा बी. न्हाव्याच्या दुकानात जाणार, शाळंतल्या पोरांच्या ग्रुपवर सांगणार, बस्त्याच्या त्या बायकांचं गाव मला ठाव हाय, तिथं बी जाणार. जिथं ते वाजतंय तिथं मी जाऊन उभा राहणार. पप्पा ह्या बाकड्यावर परत बसतील का न्हाय, मला ठाव न्हाय. मी बसणार हाय. ज्याला पोत्याचा इषय काढायचाय, त्यानं तो माझ्या तोंडावर काढायचा. मी हसणार न्हाय.